रंग न धरलेली पट्टी

"ठेवा ते खाली! आजोबा, हात हलवू नका. नाही, हलवा, पण हळू. रामण्णा, कुठे आहात तुम्ही? यांना सांगा ना काहीतरी!"

ऋचाचा हा आवाज आमच्या प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावरून निघाला आणि, शपथेवर सांगतो, चामुंडी टेकडीवरच्या दगडी नंदीनं मान वळवली. माझं लिहिलेलं आधी बायको तपासते. तिनं हे वाक्य कापलं होतं, मी परत घातलं. मी खाली दारात कोहळा फोडत होतो. आयुधपूजेचा दिवस. तळहात कुंकवानं लालभडक, अर्धा कोहळा बगलेत, तसाच जिना चढलो. निवृत्तीला टेकलेला माणूस मी, पण त्या दिवशी पायऱ्यांना माझे पाय लागले असतील असं वाटत नाही.

वर पाहतो तर आमचे पांडूकाका, वय ऐंशीच्या पुढे कुठेतरी, धोतर खोचून आणि बाह्या कोपरापर्यंत सारून उभे. दोन्ही हात मनगटापर्यंत निळे. आणि त्या हातांत ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं ऋचाचं जेल. काका ते पिळायच्या बेतात होते.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, पिळू दे की, त्यात एवढं काय. म्हणून काकांना जरा तसंच उभं ठेवतो आणि आमचा धंदा समजावून सांगतो. काकांची हरकत नसेल. रंगाच्या हंड्यापुढे ते अख्खं आयुष्य उभेच होते.

मी म्हैसुरातल्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होतो. आमच्या विभागात यकृताच्या कॅन्सरवर काम चालायचं. शास्त्रज्ञ विचार करायचे आणि मी ते विचार बरणीत भरून, उबेला ठेवून, रंगवून, धुऊन त्यांच्यापुढे मांडायचो. मी नसतो तर त्यांचे विचार अजून डोक्यातच राहिले असते, असं मी निरोपसमारंभात म्हणालो होतो. टाळ्या पडल्या. जरा कमी पडल्या, पण पडल्या.

यकृताचा कॅन्सर जन्मला त्याच जागी बसून राहिला, तर सर्जनला निदान काहीतरी करता येतं. खरी पंचाईत तो बाहेर पडला की होते. आणि बाहेर पडणं सोपं नसतं. शरीरातल्या पेशी मोकळ्या भटकत नाहीत. त्यांच्याभोवती कोलॅजनचं अस्तर असतं, शिवण असते, जो तो आपल्या जागी टाचलेला. कॅन्सरच्या पेशीला रक्तवाहिनीपर्यंत पोचायचं, तर ही शिवण उसवावी लागते. त्यासाठी एक एन्झाइम लागतं. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात आणि म्हणून कुणाला तो धडा आवडत नाही. हे एन्झाइम कोलॅजन कुरतडतं. खरं तर ते आपलंच असतं. जखम भरताना जुनं काढून नवं घालायला शरीर तेच वापरतं. शिंप्याच्या दुकानात उसवायचं ब्लेड असतं ना, चुकलेला टाका काढायला, तसंच. कॅन्सरची पेशी ते ब्लेड पळवते आणि भरदुपारी घराच्या भिंती उसवत सुटते.

हे एन्झाइम डोळ्यांना दिसत नाही. मी ते जन्मभर रोज पाहिलं आणि एकदाही दिसलं नाही. मग त्याला पकडायचं कसं? तर जेवायला घालून. शिजवलेलं कोलॅजन म्हणजे जिलेटिन. ते मिसळून एक पातळ पारदर्शक वडी करायची, खरवसाची करतात तशी, पण कागदाहून थोडीशीच जाड. तिला जेल म्हणतात. त्यात रुग्णाच्या गाठीचा अर्क सोडायचा, विजेच्या जोरावर तो जेलमध्ये पळवायचा आणि मग अख्खं जेल रात्रभर उबेला ठेवून द्यायचं. एन्झाइम जिथं थांबलं असेल तिथलं जिलेटिन खाऊन बसतं. सकाळी सगळं जेल निळ्या रंगात बुडवायचं आणि जादा रंग धुऊन काढायचा. जिलेटिन असेल तिथं निळं राहतं. खाल्लं असेल तिथं पांढरी पट्टी. जगात बाकी सगळीकडे डाग म्हणजे लाज, आमच्याकडे डाग म्हणजे बातमी.

तो निळा रंग मुळात लोकर रंगवायला काढलेला. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि मी बाकावर डोकं ठेवून हसलो. कारण मी भावसार. आमची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या रंगारी आणि शिंपी. कधीतरी इकडे आली, लष्कर मोहल्ल्यात दुकानं टाकली, घरात विठ्ठल ठेवला आणि मराठीत कानडी मिसळून बोलू लागली. या रंगाच्या पिंपातून सुटायचं म्हणून तर मी बीएस्सी झालो होतो. बाबांना सांगितलं, तिथंही रंगवायलाच लावतात, तर ते दोन दिवस खुशीत होते. आणि बढाई नाही, पण माझ्या हातानं जेल जसं रंगायचं तसं सबंध दक्षिणेत रंगत नव्हतं. मी रंगवलेली जेलं एकापुढे एक अंथरली, तर अग्रहारापासून श्रीरंगपट्टणापर्यंत जातील. वाटेत कावेरी येते, ती धरून.

गिऱ्हाइकंही एकेक यायची. म्हणजे येऊ नयेत, पण यायची. इथल्याच विजयनगर भागातले एक गृहस्थ मेव्हण्यासाठी कसल्या मुळ्यांचा काढा बाटलीत घेऊन आले. म्हणाले, तुमच्याकडे कॅन्सरच्या पेशी आहेत ना, त्यांना पाजून बघा. चार वेळा नाही म्हटलं, पाचव्यांदा आमच्या विभागप्रमुख सरांच्या परवानगीनं टाकायच्या बशीत एक थेंब सोडला. सकाळी सगळ्या पेशी मेलेल्या. गृहस्थ मला मिठीच मारणार, तेवढ्यात मी त्यांना शेजारची बशी दाखवली. तिच्यात मी माझी फिल्टर कॉफी सोडली होती. त्याही मेलेल्या. बशीत पेशी मारणं पोरखेळ आहे, त्या नुसत्या रागावून बघितलं तरी मरतात. माणसाच्या आतली गोष्ट वेगळी. गृहस्थांनी दोन्ही बशा वाकून पाहिल्या. मग म्हणाले, "मग कॉफी रोज किती घ्यायची?" अजून दर दसऱ्याला मला एक पुडा कॉफी पाठवतात. हे पण शपथेवर.

तर ऋचा. पुण्याची पोर, नवरा इथल्या आयटी कंपनीत, राहायला तीही विजयनगरात. तिचं मराठी इस्त्रीचं. माझं ऐकून पहिले सहा महिने ती हसत होती आणि पुढं तीच "अय्यो" म्हणायला लागली. तिच्या पीएचडीचा विषय हेच ब्लेड आणि ते बोथट करणारं एक औषध. सगळं काम शेवटी एका जेलवर येऊन ठेपलं होतं. आधीची गढूळ आली होती. हॉस्पिटलातून मिळालेला गाठीचा तुकडा मसुराच्या डाळीएवढा, तो या जेलमध्ये संपला. आमच्या सरांनी सांगून ठेवलं होतं, दसऱ्यानंतरच्या बैठकीत स्वच्छ जेल दाखव, नाहीतर विषय बदलून दुसरा घे. म्हणजे चार वर्षं पाण्यात आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी ते जेल मधोमध कापलं होतं. दोन्ही अर्ध्यांत तोच अर्क. एक अर्धं साध्या द्रावणात उबेला ठेवलं, दुसरं औषध घातलेल्या द्रावणात. औषध काम करत असेल तर पहिल्यात पांढरी पट्टी दिसायला हवी आणि दुसरं सगळं निळं राहायला हवं. दोन्ही निळी निघाली तर काहीच सिद्ध होत नाही. नुसता निळा खरवस.

सकाळी मी दोन्ही रंगवून धुवायला ठेवली. दोन ताटल्या, डुलत्या यंत्रावर. हे यंत्र ताटली पाळण्यासारखी हलवत राहतं, म्हणजे रंग सारखा सुटतो. पहिल्या ताटलीत पांढरी पट्टी हळूहळू उजळायला लागली होती. ऋचानं ती पाहिली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

पण आयुधपूजा. आपल्याकडे त्या दिवशी हत्यार विश्रांती घेतं. शिंप्याचं मशीन, रिक्षा, संगणक, सगळं धुवायचं, गंध-कुंकू लावायचं, हार घालायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. आमच्या सरांचा यात कुणापेक्षाही जास्त कटाक्ष. उबेचं कपाट आणि फ्रीज यांना सूट, बाकी सगळ्यांना सक्तीची झोप. फोटो काढायच्या यंत्राला शेवंतीचा हार पडला. डुलत्या यंत्राला गंध लागलं, पुढ्यात लिंबू आलं आणि ते बंद झालं. ताटल्या वर तशाच. ऋचा म्हणाली, राहू दे, उद्या धुऊ, बिघडत नाही. आणि आम्ही सगळे चुरमुरे-केळ्याच्या प्रसादाला खाली उतरलो.

आयुधपूजेला घरची मंडळीही येतात. पांडूकाका दर वर्षी यायचे. मी रंग शिकलो तो त्यांच्या हंड्यावर. गुडघे दुखतात म्हणून खाली बसायचं सोडून हा माणूस वर चढला, कुणाला न सांगता. पुतण्याचं हत्यार बघायला.

आणि त्यांनी काय पाहिलं? ताटलीत न हलवता सोडून दिलेलं निळं कापड. मधोमध पांढरा पट्टा. पुतण्याच्या टेबलावर. हंड्यात कापड सतत फिरवत राहायचं, थांबलं की पट्टे पडतात, हे रंगाऱ्याच्या पोराला चालायला लागायच्या आधी कळतं. घराण्याची अब्रू अशी उघड्यावर पडलेली काकांना बघवली नाही. शेजारी निळ्या रंगाची बाटली होतीच. त्यांनी ती पहिल्या ताटलीत ओतली. रंग पक्का बसावा म्हणून पूजेचं लिंबू पिळलं. मनाजोगतं बुडवून घेतलं आणि आता पिळून दोरीवर टाकायला उचललं, तेवढ्यात ऋचा चुरमुऱ्यांची वाटी घेऊन वर आली.

इथं आपण काकांना सोडलं होतं.

"काका," मी म्हटलं, "सुम्ने उभे राहा. अगदी गप."

"का रे रामा? पिळल्याशिवाय वाळायचं कसं?" काकांना ऐकू कमी येतं, त्यामुळे तेही ओरडून बोलतात. "आणि हे काय रंगवलंस तू? मध्ये रंगच धरला नव्हता. हातभर कापड, तेवढंही नीट फिरवायला होत नाही?"

"आजोबा, ते कापड नाहीये," ऋचा म्हणाली. तिचा आवाज आता अगदी बारीक झाला होता.

"मग काय आहे?"

"जेल आहे."

"आँ?"

"काका," मी त्यांच्या कानाशी गेलो, "खरवस समजा. पातळ वडी. पिळलंत तर चुरा."

काकांनी हातातल्या वस्तूकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "खरवस कोण रंगवतं?"

"सरकार पैसे देतं."

हे मात्र त्यांना लगेच पटलं. आणि मग त्यांच्या हातांत काहीतरी बदललं. आत्तापर्यंत त्यांनी ते जाड खादीसारखं धरलं होतं. आता बोटं सैल झाली, तळवे खाली आले. ते हात एरवी थरथरतात, चहाची बशी सांडतात. पण भिजलेलं रेशीम हंड्यातून काढून पाण्यात सोडायचं असतं ना, आधी एक कड पाण्याला लावायची आणि मग उरलेलं आपोआप घरंगळू द्यायचं, तसं त्यांनी ते जेल ताटलीत सोडलं. एक कोपराही फाटला नाही. ऋचा जवळच्या स्टुलावर बसली, आणि स्टूल तिथं होतं हे तिचं नशीब.

पण ताटलीत होती फक्त एक गडद निळी वडी. पट्टी कुठेच नाही.

कागदावर घाबरायचं कारण नव्हतं. जिथलं जिलेटिन एन्झाइमनं खाल्लं, तिथं रंगाला धरायला काही उरलेलंच नाही. धुतलं की तिथला रंग सुटणार. लिंबाचंही विशेष नाही, आम्ही धुतो त्यात आम्ल असतंच. हे ऋचाला माहीत, मलाही माहीत. पण रंगाऱ्यानं लिंबू पिळून पक्कं केलेलं आणि दोन हातांनी लोंबवलेलं जेल आम्हा दोघांपैकी कुणी कधी धुतलं नव्हतं. ती नुसती म्हणाली, "रामण्णा, तुकडा संपलाय." मी म्हटलं, "धुऊ या."

धुवायला यंत्र पाहिजे. यंत्र झोपलेलं. ऋचानं बटणाकडे हात नेला, तर दारातून सरांचा आवाज आला, "उद्या, अम्मा, उद्या." आणि ते खाली निघूनही गेले. ऋचा काय बोलली असती ते मी छापू शकलो नसतो, पण काकांनी विचारलं, "हलवतच राहायचं ना फक्त?"

"हो."

"मग मशीन कशाला? झोपू दे त्याला." आणि स्टूल ओढून, ताटलीच्या दोन कडा धरून, काका ती हलवायला लागले. डावीकडून उजवीकडे, एका लयीत, थेंब न सांडता. मी म्हटलं, द्या, मी करतो. तर म्हणाले, "साकु, पुरे, तुझं फिरवणं मघाशी बघितलं."

त्यानंतरची दुपार मी विसरणार नाही. खाली नादस्वरम, बाहेर दसऱ्याच्या गर्दीचे भोंगे, आणि वर आमचे काका निळी ताटली पाळण्यासारखी हलवत बसलेले. ऋचा मधूनमधून पाणी बदलत होती आणि त्यांच्या तोंडात केळ्याचा तुकडा घालत होती, कारण त्यांचे हात रिकामे नव्हते.

"हे आहे तरी काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. इथं सांगितलं तसंच, शिवण, अस्तर, पळवलेलं ब्लेड. मी हे सांगायला लागलो की हत्तीही थांबून ऐकतात. काका हलवत राहिले. यकृत म्हटल्यावर मात्र त्यांनी मान वर केली.

"तुळसाला होतं ते?"

तुळसाकाकू. काकांची बायको. यकृताच्याच कॅन्सरनं गेली. डॉक्टरांनी तेव्हा एकच शब्द सांगितला होता, पसरलंय. त्यानंतर काकांनी माझ्या नोकरीबद्दल मला कधी काही विचारलं नव्हतं आणि मीही आपण होऊन काही सांगितलं नव्हतं. एवढी तोंडाची टकळी माझी, पण त्या घरात मी फक्त क्रिकेटवर बोलायचो.

"तेच," मी म्हटलं. "पसरायला हेच लागतं. एकटं हेच नाही, पण हेही."

"आणि ते दुसरं?" त्यांनी हनुवटीनं शेजारच्या ताटलीकडे दाखवलं.

"तिच्यात औषध घातलंय. ब्लेड अडवणारं."

ताटली एकदा डावीकडे गेली आणि परत आली. "तेव्हा होतं हे औषध?"

एरवी माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं असतात. "नव्हतं, काका. आताही नाही. आता ते ताटलीत आहे. ताटलीतून माणसात जायला फार वेळ लागतो, आणि कित्येक औषधं वाटेतच अडतात. अशा जातीची आधीही अडली आहेत."

"अस्सं," काका म्हणाले, आणि हलवत राहिले.

उन्हं खिडकीतून बाकावर आली तेव्हा ऋचानं ताटली दिव्याच्या पेटीवर ठेवली. आधी काहीच नव्हतं. मग निळ्यात एक जागा जरा उदास झाली. मग फिकी. आणखी एकदा पाणी बदललं, काकांनी आणखी हलवलं, आणि पट्टी आली. सरळ, स्वच्छ, चुन्याची रेघ मारावी तशी पांढरी. आणि बाकीचं निळं, खोटं कशाला सांगू, माझ्यापेक्षा सरस. ऋचा काकांच्या पाया पडली आणि तिच्या कपाळाला त्यांच्या धोतराचा निळा रंग लागला. तो तिनं संध्याकाळपर्यंत पुसला नाही.

"अजून मध्ये पांढरंच आहे," काका मला हळूच म्हणाले. "पोरीला सांगू नको. खूश आहे."

दुसऱ्या दिवशी यंत्रं जागी झाली आणि फोटो निघाला. बैठकीत सरांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि विचारलं, हे कुणी रंगवलं? मी म्हटलं, मी. काका रागावणार नाहीत, घराण्याचंच नाव आहे. ऋचाचा विषय राहिला. पुढे प्रबंध झाला, पदवीही मिळाली. औषध अजून ताटलीतच आहे. मी मात्र नोकरीतून सुटलो आणि गप्पा मारायला मोकळा झालो.

पदवी हातात पडल्यावर ऋचानं त्या फोटोची मोठी प्रत करून घेतली, दोन्ही अर्धी शेजारी शेजारी, काच-चौकटीत. आम्ही दोघं ती घेऊन लष्कर मोहल्ल्यात गेलो. दुकान आता चुलत भाऊ बघतो, काका दाराशी खुर्ची टाकून बसतात. ऋचानं त्यांच्या मांडीवर चौकट ठेवली आणि मोठ्यांदा, एकेक शब्द तोडून समजावलं. हे डावीकडचं, तुम्ही हलवलंत ते. ही पांढरी जागा म्हणजे रोगानं खाल्लेली. हे उजवीकडचं, औषधातलं.

काकांनी चौकट उजेडाकडे वळवली. पांढऱ्या पट्टीवर अंगठा ठेवला. तो तिथंच राहिला, बराच वेळ. मागे मशीनची घरघर चालू होती. मी काही बोललो नाही, आणि हे वाक्य माझ्या बायकोनं अधोरेखित केलं आहे.

"कसा आलाय, आजोबा?" ऋचानं विचारलं.

काकांनी अंगठा उचलला आणि उजव्या बाजूवर ठेवला, जिथं सगळं निळं होतं.

"हा बरा बसलाय," ते म्हणाले.